ट्रेकसाठी छोटा चाकू: पातं किती, मूठ कशी आणि तो कुठे न्यायचा नाही

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी जळगावला नोकरी करते, गाव सावद्याकडे. घरची केळीची बाग आहे. महिन्या-दोन महिन्यांनी आमचा सहा-सात जणींचा गट डोंगरात जातो. पाटणादेवी, मनुदेवी, लळिंग झालं, हिवाळ्यात तोरणमाळचा बेत आहे. सोबत एक छोटा, न मिटणारा चाकू हवा आहे. फळं, कांदा-काकडी, दोरी, पाकिटं कापायला, आणि रोज पर्समध्येही राहील असा. ऑनलाइन एक सात इंची काळा ‘सर्व्हायव्हल’ चाकू पाहिला. पाठीला करवत, मूठ पोकळ, आत काड्या आणि होकायंत्र. भाऊ म्हणतो, बाजारातल्या लोहाराकडून करून घे. मैत्रीण म्हणते, गळ्यात अडकवायचा मिळतो तो घे, वेळप्रसंगी स्वसंरक्षणाला होईल. माय म्हणते, चाकू बाळगणं म्हणजे पोलिसांची कटकट. कोणाचं ऐकू? घरात तीन वर्षांचा भाचा आहे, तेही लक्षात घ्या.

उत्तर

ताई, आधी मायचं ऐका, मग भावाचं. मैत्रिणीचा सल्ला आणि तो काळा चाकू, दोन्ही सोडून द्या.

तुम्ही एका चाकूकडून दोन कामं मागता आहात आणि तिथेच घोळ होतो. डोंगरात न्यायला न मिटणारा चाकू चांगला. त्यात सांधा नाही, घाण अडकत नाही, ओल्या हाताने धुता-पुसता येतो, पातं अचानक बोटांवर मिटण्याची भीती नाही. पण रोज पर्समध्ये ठेवायला तो चुकीचाच. पर्समध्ये किल्ल्या, चार्जर, डबा यांच्या धक्क्यांनी म्यान सरकतं, आणि तुम्ही न बघता हात घालता. रोजच्यासाठी सहा-सात सेंटिमीटर पात्याचा साधा घडीचा चाकू पुरतो. ओपिनेलचा ६ नंबर किंवा व्हिक्टोरिनॉक्सचा लहान चाकू चालेल. बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू मात्र घेऊ नका. तो फळं कापायला ठेवला आहे, हे कोणाला पटवणं अवघड जातं.

आता कायदा. शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले आहेत. घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणून बागेतला कोयता शेतात चालतो. आपण बोलतोय तो चाकू या मापाच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला किंवा गावात तणाव असताना जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या कलमात तलवार, भाला, काठी यांच्या जोडीला चाकूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. असा आदेश लागू असताना पात्याची लांबी विचारली जात नाही. अस्तंब्याच्या यात्रेसारख्या गर्दीत, मिरवणुकीत, कोर्टात, कलेक्टर कचेरीत चाकू न्यायचाच नाही, घडीचासुद्धा नाही. विमानात तो चेक-इन सामानातच जातो.

ट्रेक करणाऱ्यांना सहसा माहीत नसतं ते पुढे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरता येत नाही, आणि याच कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू नावानिशी आहे. तिथे इंचांचा हिशोब नाही, हेतूचाही नाही. पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते. पालच्या बाजूचं यावल अभयारण्य आणि शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य, तिथेही हेच. वाटेवर काढला नाही, बॅगेत तळाशी होता, या सबबीला अर्थ उरत नाही. तेव्हा पाटणादेवीला जाताना चाकू घरी ठेवा. काकडी-कांदा घरूनच चिरून डब्यात घ्या, दोरीचे तुकडे आधी करून ठेवा, आणि केळी तर तुमच्याच बागेची, तिला चाकू लागत नाही. लळिंग अभयारण्यात येत नाही. मनुदेवीहून आत रानात शिरणार असाल किंवा तोरणमाळला जाणार असाल, तर वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा आणि बॅगेत चाकू आहे हे स्वतःहून सांगा.

स्वसंरक्षणाचा विषय मोकळेपणाने बोलू. झटापटीत चाकू हातात टिकवायला सराव लागतो. तो नसेल तर चाकू हिसकावला जातो आणि तुमच्यावरच उलटतो. स्वसंरक्षणासाठी म्हणून बाळगलेला चाकू कायद्याच्या नजरेतही फळं कापायचा चाकू राहत नाही. गळ्यातल्या चाकूला आणखी एक धोका आहे. चढणीवर ठेच लागून पालथं पडलात तर तो छातीच्या हाडावर किंवा हनुवटीखाली रुततो, आणि दोरी फांदीत अडकली तर गळफास बसतो. त्यापेक्षा बॅगेच्या छातीवरच्या पट्ट्याला शिट्टी बांधा, फोनमध्ये ११२ ठेवा आणि गटातल्या शेवटच्या मुलीला एकटी मागे राहू देऊ नका.

आता चाकूकडे येऊ. डोंगरातल्या कामांची यादी केली तर लांब पात्याची गरज कुठेच दिसत नाही. पेरू, सफरचंद, कांदा, कळण्याच्या भाकरीसोबत खायचं लोणच्याचं पाकीट, तंबूची दोरी, फाटलेल्या बुटाचा लोंबता तुकडा, पायात बोचलेल्या काट्याभोवती चिकटपट्टीचा चौकोन. या सगळ्याला ८ ते १० सेंटिमीटर पातं भरपूर होतं. त्याहून लांब पात्याचं टोक बोटांपासून दूर जातं आणि बारीक कामात हात डळमळतो. चूल पेटवायचा विषय असेल तर पऱ्हाट्या हातानेच मोडतात. लाकूड फोडायला चाकू लागत नाही, आणि जंगलात ओलं लाकूड तोडायचं तर नाहीच.

लांबीपेक्षा जाडी महत्त्वाची, आणि घेताना तिकडे सहसा कोणी बघत नाही. बाजारात ‘मजबूत’ म्हणून विकले जाणारे चाकू पाठीशी चार-पाच मिलिमीटर जाड असतात. असं पातं गाजरात घातलं की अर्ध्यावर जाऊन कापणं थांबतं आणि गाजर टचकन दुभंगतं, कारण धारेमागची जाडी पाचरीसारखी रेटते. कांद्याच्या चकत्या होत नाहीत, फोडी होतात. दोरीला दुप्पट जोर लागतो, आणि जास्त जोर लावला की चाकू निसटतो. निसटलेला चाकू बहुतेक वेळा दुसऱ्या हातावर येतो. तुम्हाला पाठीशी दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचं पातं हवं. दुकानात मोजपट्टी नसेल तर तीन एटीएम कार्डं एकावर एक धरा. ती साधारण सव्वादोन मिलिमीटर होतात. पात्याची पाठ त्यांच्याशी ताडून पाहा. तीनपेक्षा फार जाड दिसली तर तो चाकू परत ठेवा.

पात्याचा आकार साधा असू द्या. पाठ टोकाकडे हळूच उतरलेली आणि टोक पात्याच्या मध्यरेषेच्या आसपास. फार वर वळलेलं टोक फळातली कीड काढायला गैरसोयीचं, आणि छिन्नीसारखं तिरपं छाटलेलं टोक दिसायला आक्रमक, वापरायला कुचकामी. अर्धी धार दातेरी असलेले चाकू पुष्कळ दिसतात. दाते नायलॉनच्या दोरीवर चांगले चालतात, पण ते मुठीजवळच्या भागात काढलेले असतात, आणि सर्वांत जोराची, ताब्यातली कापणी आपण नेमकी त्याच भागाने करतो. शिवाय दाते सपाट निसण्यावर पाजवता येत नाहीत. साधी अखंड धार घ्या. बागेत ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कापायची झाली तरी साध्या धारेने कड सरळ येते आणि जोडणी नीट बसते. नळी हातात धरून मात्र कापू नका, फळीवर ठेवून वरून दाबा.

त्या काळ्या सर्व्हायव्हल चाकूचा खरा दोष मुठीत आहे. मूठ पोकळ करायची म्हणजे पातं मुठीच्या तोंडाशीच संपवावं लागतं. तिथे ते एका नटाने किंवा खिळ्याने धरलेलं असतं. सात इंचांच्या पात्यावर आडवा जोर आला की सगळा भार त्या एका सांध्यावर येतो. आधी पातं किंचित हलायला लागतं, मग आतला आटा झिजतो, आणि एक दिवस मूठ हातात राहते. पाठीवरच्या करवतीचे दाते जाड पात्यावर कोरलेले असल्यामुळे लाकडात रुतून बसतात. वर ती करवत पाठीवर आहे म्हणून अंगठा टेकवायला जागा राहत नाही. बारीक कामात तर अंगठा पाठीवरच लागतो. मुठीतलं ते होकायंत्र पोलादाच्या पात्याला चिकटून राहणार, म्हणजे त्याची सुई भरवशाची नाही.

मूठ हातात धरल्याशिवाय चाकू घेऊ नये, आणि ऑनलाइन घेतलात तर परत करता येईल असाच घ्या. चार बोटांच्या मुळाशी तळहाताची रुंदी मोजा. बहुतेक मुलींची सात-आठ सेंटिमीटर भरते. त्यात निदान एक सेंटिमीटर मिळवा, तेवढी मूठ हवी. आखूड मुठीत करंगळी हवेत राहते आणि चाकू हातात फिरतो. मूठ भरीव, किंचित अंडाकार असावी. गोल मुठीत धार कुठे आहे ते न बघता कळत नाही, आणि पत्र्यासारखी पातळ मूठ दहा मिनिटांत तळहात दुखवते. बोटांपुढे छोटा उंचवटा असायलाच हवा. मे महिन्यात घामेजलेला हात गुळगुळीत मुठीवरून सहज पुढे, धारेवर सरकतो.

‘फुल टँग’ हा शब्द जाहिरातीत पुष्कळ भेटेल. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध जातं आणि दोन्ही बाजूंनी लाकूड किंवा प्लॅस्टिक ठोकलेलं असतं, तो फुल टँग. चांगली गोष्ट आहे, पण छोट्या चाकूत तिच्यावाचून अडत नाही. ‘मोरा’ या कंपनीच्या ‘कम्पॅनियन’ चाकूचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, तरी सुमारे १० सेंटिमीटर पात्याचा तो चाकू रोजच्या राबत्याला पुरून उरतो. त्याच कंपनीचा एल्ड्रिस सुमारे सहा सेंटिमीटर पात्याचा, दोन मिलिमीटर जाडीचा आहे. लहान हाताला तो छान बसतो, पण भाकरी-कांदा कापायला थोडा अपुरा पडतो. तुमच्यासाठी आमचा कल कम्पॅनियनच्या स्टेनलेस प्रकाराकडे आहे. तो मिळाला नाही तर भांड्यांच्या चांगल्या दुकानातून व्हिक्टोरिनॉक्सची ८ किंवा १० सेंटिमीटरची भाजी सोलायची सुरी घ्या आणि तिला म्यान करून घ्या. ती पातळ आहे, हलकी आहे, घरकामाची आहे, आणि नाक्यावर कोणी पाहिली तरी स्वयंपाकघरातली सुरीच दिसते.

पोलादाबद्दल लोक फार बोलतात. तुम्हाला थोडक्यात सांगतो. १२सी२७ किंवा ४२०एचसी या जातीचं स्टेनलेस आणि ५६ ते ५८ रॉकवेल कठीणपणा असेल तर डोळे झाकून घ्या. डी२ जातीचं पोलाद धार जास्त टिकवतं, पण पूर्ण स्टेनलेस नाही आणि घरच्या निसण्यावर लवकर पाजत नाही. पाकिटावर नुसतंच ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलेलं असेल तर चुंबक लावून बघा. चुंबक धरत नसेल तर ते डब्या-वाट्यांच्या जातीचं पोलाद आहे. त्याला पाणी देता येत नाही, म्हणजे तापवून आणि बुडवून कडक करता येत नाही, आणि धार टिकत नाही. धरलं म्हणजे चाकू चांगलाच, असं मात्र नाही. स्वस्तात मिळणारं नक्षीदार ‘डॅमस्कस’ पातं कित्येकदा नुसतं वरून कोरलेलं असतं. त्याच्या वाटेला जाऊ नका.

भावाच्या सल्ल्यात तथ्य आहे. बागेसाठी लोहाराकडून एक चाकू जरूर करून घ्या, फक्त काय सांगायचं ते माहीत हवं. लोहार सहसा गाडीच्या कमानीचा पाटा वापरतात. पोलाद उत्तम असतं, पण पाटा जाड असतो, आणि सांगितलं नाही तर चाकू पाच-सहा मिलिमीटरचाच हातात येतो. पाठ तीन मिलिमीटरच्या आत आणि धारेकडे सलग उतरती, असं नेमकं सांगा. जुना चाकू नमुना म्हणून नेलात तर अधिक बरं. पाणी देण्याबद्दलही बोला. या पोलादाला तेलात बुडवून पाणी दिलेलं चांगलं, कारण थंड पाण्यात पातं तडकू शकतं. तडा बारीक असतो, नखाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. आणि एकदा पाणी दिल्यावर साधारण २०० अंशांपर्यंत परत तापवून उतारा द्यावाच लागतो, घासलेल्या पात्यावर फिकट गवती रंग येईपर्यंत. ही पायरी गाळली तर चाकू काचेसारखा कडक होतो आणि धारेचे तुकडे उडतात.

घ्यायच्या आधी दोन परीक्षा करा. कानशीची कड धारेच्या कडेवर हलकेच ओढा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे. साध्या लोखंडासारखी चावली, कीस निघाला, तर पाणी बसलेलं नाही. मग पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पितळी सळीवर धार तिरपी टेकवून थोडा दाब द्या आणि उजेडात पाहा. सळीवर धार किंचित वाकलेली दिसते आणि दाब काढला की सरळ होते, ते पाणी बरोबर. वाकलेलीच राहिली तर मऊ, आणि कपची उडाली तर उतारा कमी. लोहाराच्या समोरच करून बघा, चांगला कारागीर याला हरकत घेत नाही, उलट चाकू परत भट्टीत घालून दुरुस्त करून देतो. मुठीला बाभूळ किंवा शिसव घ्या आणि जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण सुकू देऊन. जवसाचं तेल पुसलेली चिंधी चोळामोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते. सपाट पसरून वाळवा, मग टाका.

लोहाराच्या चाकूवर केळीचा चीक लागला की काळे डाग पडतात. चिकातलं टॅनिन लोखंडाशी मिळून तो रंग येतो, त्याने पोलाद खराब होत नाही. चीक सुकायच्या आत तेलाच्या चिंधीने पुसा, मग साबणाने धुऊन कोरडं करा. कैरी, लिंबू, चिंच लागलेलं पातं मात्र तसंच ठेवलं तर गंजाचे खड्डे पडतात. पात्याला ठेवणीत लावायला शेंगदाण्याचं तेल वापरू नका, ते काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरतं. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचे दोन थेंब पुरे. आणि बागेतला चाकू बागेतच राहू द्या. रोगट झाडाला लावलेलं हत्यार धुऊन, निर्जंतुक केल्याशिवाय निरोगी झाडाला लागू नये, मग ते जेवणाच्या डब्यात तर नकोच.

म्यानाला चाकूइतकंच महत्त्व द्या. परीक्षा सोपी आहे. चाकू म्यानात घाला, पलंगावर गादीच्या वर उलटा धरा आणि चार-पाच झटके द्या. निसटला तर ते म्यान बाद. प्लॅस्टिकच्या म्यानाला तळाशी भोक हवं, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत साचतं आणि टोकापासून गंज सुरू होतो. कातड्याचं म्यान करून घेत असाल तर चांभाराला शिवणीच्या आत कातड्याची पट्टी घालायला सांगा. ती नसेल तर धार थेट दोऱ्यावर घासते, दर वेळी एखादा टाका कापते, आणि एक दिवस पातं शिवणीतून बाहेर येतं. सुरीसाठी घरीच म्यान करायचं तर जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, मध्ये धारेच्या बाजूला पुठ्ठ्याची अरुंद पट्टी, आणि वरून कापडी चिकटपट्टीचे तीन वेढे. एका मोसमाला चालतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा बंद गाडीत काचेखाली चाकू ठेवू नका. कातडं वाळून तडकतं आणि काही प्लॅस्टिकची पकड सैल होते.

चालताना चाकू कमरेला नको. खडकावर घसरून बसताना कठीण मूठ बरगडीत किंवा मांडीत रुतते, आणि गावातून जाताना लोकांच्या नजरेतही येतो. बॅगेच्या वरच्या कप्प्यात, म्यानासकट, एका छोट्या कापडी पिशवीत ठेवा.

वापरताना बसून कापा, पण मांडीवर ठेवून कधीच नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, आणि तिथला घाव डोंगरात आवरत नाही. कोपरं गुडघ्यांच्या पुढे काढा, धार स्वतःपासून दूर जाऊ द्या, हाताच्या टप्प्यात कोणी नाही ना ते पाहा. चाकू दुसरीला द्यायचा तर हातात देऊ नका, दगडावर ठेवा, ती उचलेल. डब्याचं झाकण उचकटायला, दगडाखालून खिळा काढायला चाकू वापरला की टोक मोडतं. त्यासाठी चमच्याची दांडी आहे. बोट कापलंच तर स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा आणि दहा मिनिटं उचलून बघू नका. मधेमधे बघितल्याने गोठत आलेलं रक्त पुन्हा सुटतं. हळद किंवा माती भरू नका. खोल जखम असेल तर टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त थांबतच नसेल तर दाब न सोडता १०८ ला फोन करा.

आणि साप चावला तर चाकूला हातही लावायचा नाही. दंशाच्या जागी चीर देऊन रक्त काढायचं, ही समजूत आपल्या गावांतून अजून जिवंत आहे. त्याने विष निघत नाही. जखम मात्र वाढते, आणि काही विषांत रक्त गोठत नसल्याने ती चीरच जिवावर बेतते. घट्ट दोरी बांधणं, तोंडाने ओढणं, हेही नको. अंगठ्या-पैंजण काढा, तो पाय किंवा हात हलू देऊ नका, चालवत नेऊ नका, उचलून न्या, आणि प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. ट्रेकला निघण्याआधीच ते कुठलं, हे गटातल्या दोघींना तरी ठाऊक असू द्या.

धार घरीच लावायला शिका. सायकलवरच्या धार लावणाऱ्याकडे छोटा चाकू देऊ नका. कोरड्या, जोरात फिरणाऱ्या चाकावर पातळ धार काही क्षणांत तापते. कडेला निळसर छटा दिसली की तिथलं पाणी उतरलं असं समजा. पुढे कितीही पाजवलं तरी तो भाग आठवड्यात बोथट होतो आणि निळा भाग घासून काढण्याशिवाय इलाज नसतो. हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा निसणा आणा, एक बाजू ४०० ग्रिटच्या आसपास, दुसरी १००० (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). पाण्याचा दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा आणि ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही.

पाजवताना सगळं कोनावर आहे. पातं दगडावर उभं धरा, मग निम्मं झुकवा, मग पुन्हा निम्मं. जिथे आलं तो साधारण बावीस अंशांचा कोन, त्याहून किंचित कमी ठेवा. धार पुढे ठेवून, दगडावरून पातळ पापुद्रा काढायचाय असं समजून, मुठीपासून टोकापर्यंत सलग ढकला. टोकाशी येताना मूठ थोडी उचला, नाहीतर टोक बोथटच राहतं. एकाच बाजूने चालू ठेवा, पलीकडच्या बाजूला बोट पाठीकडून धारेच्या बाहेर फिरवल्यावर पूर्ण लांबीभर बारीक खरखरीत कड लागेपर्यंत. ही कड आली नाही म्हणजे तुम्ही धारेपर्यंत पोचलाच नाहीत, आणि बहुतेकांचं पाजवणं इथेच अर्धवट सुटतं. मग बाजू बदला, तेच करा. त्यानंतर १००० च्या बाजूवर एकेक आलटून पालटून, दर वेळी दाब कमी करत. शेवटी जुन्या कातडी पट्ट्याच्या खरखरीत बाजूवर, पाठ पुढे ठेवून, दोन्हीकडून दहा-पंधरा वेळा ओढा. पिकलेल्या टोमॅटोवर पातं टेकवून नुसतं ओढा. साल न दबता चिरली की झालं.

मोराचा चाकू घेतलात तर कोन शोधायची गरजच नाही. त्याच्या पात्याला दोन्ही बाजूंना रुंद उतार असतो. तो उतारच दगडावर सपाट टेकवायचा आणि ढकलायचा. पहिल्यांदा चाकू पाजवणाऱ्याला हा फार मोठा आधार आहे, आणि आमचा कल तिकडे असण्याचं एक कारण हेही आहे.

भाच्याचं. विळी-सुऱ्यांच्या खणात हा चाकू नको, त्या खणापर्यंत त्याचा हात आत्ताच पोचत असेल. कुलूप लागणाऱ्या कपाटात, तुमच्या डोक्याच्या उंचीच्या वर ठेवा. लांबच्या ठेवणीत कातड्याच्या म्यानात ठेवू नका, कातडं ओल धरतं. पातं तेल लावून कोऱ्या कागदात गुंडाळा आणि म्यान शेजारी ठेवा. आणि ट्रेकहून आल्यावर बॅग खाली टाकण्याआधी चाकू काढून कुलपात ठेवा, कारण मावशीची बॅग तो सगळ्यांत आधी उघडणार आहे.